उंदीर वगळलेला आलेख

मुंबईच्या प्लेगचा एक आलेख साथींचं गणित शिकवणाऱ्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत भेटतो. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर त्या त्या आठवड्यात प्लेगने गेलेली माणसं. १७ डिसेंबर १९०५ ला तो सुरू होतो आणि २१ जुलै १९०६ ला संपतो. ठिपके आधी रेंगाळतात, मग भराभर चढतात, एप्रिलच्या मध्याला आठवड्याला नऊशेच्या घरात जातात आणि चढले त्याच चालीने उतरतात. त्यांच्यामधून एक वळणदार रेघ काढली आहे. ती ठिपक्यांना इतकी बिलगून जाते, की मरणालाही काही शिस्त असावी असं पाहणाऱ्याला वाटतं.

ही रेघ १९२७ साली एडिंबरोत दोघांनी काढली. विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, आणि पुढचं सगळं गणित त्यांनी डोळ्यांशिवाय केलं. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून मायदेशी परतलेले. दोघांनी लोकसंख्येचे तीन भाग पाडले: अजून लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साथीच्या बाहेर गेलेले. पहिल्या भागातून दुसऱ्यात जायचा एक दर, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचा एक दर. बस्स, एवढंच. एवढ्यातून त्यांनी एक मोठी गोष्ट दाखवली. साथ ओसरायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही, किंवा जंतू दुबळा पडावा लागत नाही. लागण न झालेल्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की पुष्कळ माणसं शिल्लक असतानाच साथ आपोआप विझते.

हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चुंबकांवर पीएच.डी. करत होते. चुंबक म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे, कागदावरचा चुंबक: चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत वर किंवा खाली तोंड केलेला एक बाण, आणि प्रत्येक बाणाला शेजाऱ्यांसारखं तोंड करायची ओढ. तापमान वाढवत नेलं की एका क्षणी सगळी एकजूट मोडते. या विषयाने माझ्या पिढीच्या अनेकांना जे वेड लावलं त्याचं कारण पुढे आहे. पाणी ३७४ अंश सेल्सिअसला, प्रचंड दाबाखाली, अशा स्थितीला पोचतं की द्रव आणि वाफ यांतला फरकच पुसला जातो. त्या स्थितीजवळ पाण्याची घनता ज्या घातांकाने, म्हणजे बदलाची चाल सांगणाऱ्या ज्या आकड्याने, बदलते, त्याच घातांकाने काही चुंबकांचं चुंबकत्व बदलतं. पाण्याच्या रेणूला चुंबकाच्या अणूशी काही देणंघेणं नाही, तरीही आकडा एकच. तपशील गळून जातात आणि उरतं ते फक्त किती मिती आहेत आणि सममिती कोणती आहे, एवढंच. हे ज्याने एकदा स्वतः गणित करून पाहिलं, त्याला जगातल्या प्रत्येक गर्दीकडे बघून वाटायला लागतं की इथलेही तपशील गळून जातील. मग ती गर्दी मुंग्यांची असो, मतदारांची असो की रोग्यांची.

मलाही तसं वाटलं, आणि आजही त्या वाटण्याचं मोल मी कमी मानत नाही. वगळण्याचं धैर्य नसेल तर कुठलंच समीकरण लिहिता येत नाही. पण जिवंत गोष्टींच्या बाबतीत कोणता तपशील गळू द्यायचा नाही, हे समीकरणं सांगत नाहीत. ते दुसऱ्याच माणसांना ठाऊक असतं. मुंबईच्या आलेखाने मला त्या माणसांपर्यंत नेलं.

झालं असं की पाठ्यपुस्तकातला आलेख सोडून मी मूळ निबंध वाचला. आलेखाजवळच केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे, की माणसांमधला प्लेग हा उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे. बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण व्हायची शक्यता सारखी आहे, सगळे उंदीर सारखेच रोगाला बळी पडणारे आहेत, अशी आपली गृहीतकं आहेत आणि त्यांतलं कुठलंही काटेकोरपणे खरं नाही. म्हणून यातून मिळालेल्या स्थिरांकांवरून निष्कर्ष काढू नयेत. इतकी प्रामाणिक टीप विज्ञानाच्या निबंधांत क्वचितच सापडते. पुढच्या कित्येक पुस्तकांनी आलेख उचलला आणि टीप मागे ठेवली. शिकणाऱ्यासमोर आलं ते माणसापासून माणसाला होणाऱ्या रोगाचं समीकरण आणि त्याच्याशी हुबेहूब जुळणारे मुंबईचे आकडे. उंदीर कुठेच नाहीत.

प्लेग म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं. २२ जून १८९७ ची रात्र, चापेकर बंधू, रँड. त्याआधी त्याच वर्षी १० मार्चला रोग्यांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत पहिले रोगी ओळखणारे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस काहींना आठवतात. परळला त्यानंतर जे काम झालं ते मात्र आपल्या आठवणीत फारसं नाही, आणि मला ते आपल्या शहराच्या इतिहासातलं फार अभिमानाचं पान वाटतं.

पिसवा हा रोग उंदरांकडून आणतात, असं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितलं होतं. त्यावर फारसं कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. १९०५ पासून मुंबईत नेमलेल्या संशोधकांनी परळच्या प्रयोगशाळेतून तो प्रश्न धसास लावला. प्लेगने माणूस दगावलेल्या घरात ते गिनीपिग सोडत. घरातल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होत आणि थोड्या दिवसांत गिनीपिग प्लेगने मरत. मग त्यांनी पिंजरे टांगले. जमिनीवरच्या किंवा जमिनीला लागून असलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना लागण होई. दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्यांना होत नसे, कारण पिसू तेवढी उडी मारू शकत नाही. हवा तीच, घर तेच, फरक फक्त उडीच्या उंचीचा. एखाद्या सिद्धान्ताचा निकाल इतक्या साध्या साधनांनी लागलेला मी भौतिकशास्त्रातही फार पाहिलेला नाही.

त्यांनी शहरभरातून रोजचे मेलेले उंदीर गोळा करवले, चिरले, तपासले, जातीप्रमाणे मोजले. गटारात राहणारा उंदीर वेगळा, घराच्या आढ्यात आणि कोनाकोपऱ्यात राहणारा वेगळा. साथ आधी गटारातल्या उंदरांत यायची, मग घरातल्या उंदरांत, आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू भुकेने दुसरं ऊबदार अंग शोधते, आणि घरातले उंदीर संपले की जवळचं ऊबदार अंग माणसाचं असतं. साथ वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत चढायची आणि पावसाळ्याच्या आधी ओसरायची. एका वर्षी नव्हे, वर्षामागून वर्षं. म्हणजे एप्रिलनंतर रेघ खाली येते ती लागण होण्याजोगी माणसं कमी झाली म्हणून येते, की ऋतू पिसवांना मानवेनासा झाला म्हणून? निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये हेच गणित ऋतूचं चक्र आणि उंदीर-पिसवा धरून पुन्हा मांडलं, आणि १९२७ च्या रेघेवरून काढलेले स्थिरांक वास्तवाशी जमत नाहीत हे दाखवलं. रेघ तेवढीच सुंदर राहते, तिचं कारण बदलतं.

कारण बदललं की काय बदलतं, हे मला पुण्याच्या आठवणीने शिकवलं. माणसामुळे माणसाला होतो असं धरलं, तर माणसांना वेगळं काढायचं. १८९७ मध्ये तेच झालं. सैनिक घरात शिरले, रोगी आणि रोग्याचे नातेवाईक छावण्यांत नेले गेले, देवघरं आणि माजघरं उघडी पडली. समीकरण तीस वर्षांनी लिहिलं गेलं, पण त्यातलं गृहीतक राज्यकर्त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. उंदीर आणि पिसू धरली, तर धान्याची कोठारं बघायची, घरांची बांधणी बघायची, उंदीर पडायला लागले की लोकांना घराबाहेर राहायला सांगायचं. गावोगावच्या आपल्या लोकांनी हे कुणी सांगायच्या आधीच सुरू केलं होतं. घरात उंदीर मरून पडला की माणसं गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायची. त्या माणसांकडे समीकरण नव्हतं. पण कोणता तपशील गाळता येत नाही हे त्यांना माहीत होतं.

भौतिकशास्त्रातून समाजाकडे जाणाऱ्याला अनेकदा ऐकावं लागतं की हा तुमचा प्रांत नव्हे. इतिहास वेगळं सांगतो. बेल्जियमच्या आदॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात जन्ममृत्यूचे, गुन्ह्यांचे, सैनिकांच्या छातीच्या मापांचे आकडे मांडून दाखवलं, की एकेका माणसाबद्दल काही सांगता येत नसलं तरी हजारोंच्या समूहात ठाम नियमितपणा असतो. जॉन हर्शेल यांनी १८५० मध्ये या कामावर लिहिलेला लेख तरुण जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या वाचनात आला होता. वायूच्या रेणूंचे वेग कसे वाटले जातात हे १८६० मध्ये मॅक्सवेलने ज्या पद्धतीने मांडलं, त्यात त्या वाचनाचा ठसा असल्याचं विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक मानतात. म्हणजे समूहाकडे पाहायची दृष्टी समाजाच्या आकड्यांतून वायूकडे गेली, आणि दीडशे वर्षांनी आम्ही ती तिथून परत आणतो आहोत.

या परतीच्या वाटेवरचा मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे रॉबर्ट मे. सिडनीत वाढलेला, सैद्धान्तिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेला. त्या काळी पर्यावरणशास्त्रात एक समज पक्का होता, की जंगलात जितक्या जास्त जाती आणि त्यांचे एकमेकांशी जितके जास्त संबंध, तितकं ते जंगल स्थिर. मे यांनी १९७२ मध्ये दोन पानांचा निबंध लिहून विचारलं, हे खरंच आहे का? अणुगर्भातल्या ऊर्जापातळ्या समजून घेण्यासाठी यूजीन विग्नर यांनी वापरलेलं यादृच्छिक सारण्यांचं, म्हणजे नशिबावर सोडून आकडे भरलेल्या चौकोनी तक्त्यांचं, गणित त्यांनी उचललं. जातींमधले संबंध चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले आणि पाहिलं, की थोडा धक्का दिल्यावर व्यवस्था पूर्वपदाला येते का. उत्तर उलटं आलं. जातींची संख्या, संबंधांची दाटी आणि संबंधांची तीव्रता यांनी मिळून एक मर्यादा ओलांडली, की मोठी आणि गुंतागुंतीची व्यवस्था कोसळते.

निसर्गात तर मोठी जंगलं टिकून आहेत. मग मे चुकले का? मला त्यांची थोरवी इथेच दिसते. त्यांच्या गणिताने सांगितलं, की संबंध चिठ्ठ्या टाकून ठरले असते तर सह्याद्रीतलं जंगल टिकलं नसतं. तेव्हा ते चिठ्ठ्या टाकून ठरलेले नाहीत, त्यांत काही रचना आहे, आता ती शोधा. एका भौतिकशास्त्रज्ञाने जीवशास्त्रज्ञांना पन्नास वर्षं पुरेल एवढं काम दिलं, आणि ते करताना आपलं मॉडेल म्हणजे जंगल असं एकदाही म्हटलं नाही. १९७३ मध्ये ते प्रिन्स्टनला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे तिथल्या पर्यावरण-अभ्यासकांबरोबरच वावरले. २००८ मध्ये बँका कोसळल्यावर तोच प्रश्न त्यांनी बँकांच्या जाळ्याला विचारला: प्रत्येक बँकेने स्वतःची जोखीम वाटून टाकली, त्यामुळे सगळ्या बँका एकसारख्या झाल्या, आणि एकीचं दुखणं सगळ्यांचं झालं.

पक्ष्यांचं प्रकरण याहून वेगळं, आणि मला त्याचा आनंद जास्त होतो. बुडापेस्टच्या तमाश व्हिचेक यांनी १९९५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर थव्याचं एक मॉडेल मांडलं. माझ्या चुंबकाचे बाणच, फक्त उडणारे. प्रत्येक बाण ठरावीक अंतराच्या आतल्या शेजाऱ्यांची सरासरी दिशा घेतो, त्यात थोडी चूक करतो, आणि पुढे जातो. चूक कमी केली की अख्खा थवा एका दिशेला वळतो. संगणकाच्या पडद्यावर ते पाहताना डोळे हटत नाहीत.

पण खरे पक्षी असं करतात का? ते पाहायला रोममधले भौतिकशास्त्रज्ञ गच्चीवर गेले. यात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं, आणि आंद्रेआ कावान्या, इरेने जार्दिना यांच्यासारखे त्यांचे तरुण सहकारी. तेर्मिनी स्टेशनजवळ हिवाळ्यात संध्याकाळी तेलबुडव्या मैनांचे प्रचंड थवे येतात. तिथल्या एका जुन्या इमारतीच्या, म्हणजे आताच्या संग्रहालयाच्या, गच्चीवर कॅमेरे लावून त्यांनी एकाच क्षणी वेगवेगळ्या जागांवरून फोटो घेतले आणि हजारो पक्ष्यांच्या जागा तिन्ही मितींत काढल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पक्षी ठरावीक अंतराच्या आतल्यांकडे बघत नाही, तो सर्वांत जवळच्या सहा-सात जणांकडे बघतो, मग ते हाताच्या अंतरावर असोत की लांब. अंतरावर अवलंबून असलेलं बल ही आमची सवय होती, पक्ष्यांची नव्हे. ससाणा झडप घालतो, थवा विरळ होतो, अंतरं वाढतात. अंतरावर विसंबलेला थवा तिथे फुटला असता. सहा-सात शेजारी धरून राहणारा पुन्हा जुळतो.

आपल्याकडे भोरड्या येतात, ज्यांना पळसमैनाही म्हणतात. मैनेच्याच कुळातल्या, मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी उतरणाऱ्या. ज्वारी हुरड्यात आली की सोलापूरकडच्या शेतांवर त्यांचे ढग फिरतात आणि राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण चालवतो. गोफणीचा दगड गेला की थवा फाटतो आणि पलीकडे जाऊन सांधला जातो. त्या राखणदाराने हे रोमच्या कॅमेऱ्यांच्या कितीतरी आधी पाहिलेलं आहे. आमच्यापैकी कुणी जाऊन त्याला विचारलं नव्हतं.

माणसांच्या गर्दीकडे वळताना माझा सूर बदलतो, कारण इथे प्रत्येक ठिपक्याला घर असतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डिर्क हेल्बिंग यांनी १९९५ मध्ये पेटर मोल्नार यांच्याबरोबर पादचाऱ्यांचं मॉडेल मांडलं: प्रत्येकाला आपल्या मुक्कामाकडे ओढणारं एक बल, आणि दुसऱ्यांपासून व भिंतींपासून लांब ठेवणारं एक बल. एवढ्यावर समोरासमोरून येणारी गर्दी आपोआप रांगांत वाटली जाते. दादरच्या पुलावर सकाळी कुणी शिट्टी न मारता, कुणी बोट न दाखवता तेच घडतं, आणि मी ते तासन् तास बघू शकते. २००० मध्ये हेल्बिंग यांनी व्हिचेक आणि फारकश यांच्यासोबत दाखवलं, की अरुंद दारातून सगळे जितकी घाई करतात तितका बाहेर पडायचा वेळ वाढतो, कारण दाराशी देहांची कमान अडकते.

पुढे एक छोटा प्रयोग झाला, जो मी प्रत्येक वर्गात सांगते. एका रांगेत चालणाऱ्या माणसांचा वेग आणि दाटी यांचं नातं जर्मनीत मोजलं होतं. तेच भारतात मोजून २००९ मध्ये तुलना प्रसिद्ध झाली. दाटी वाढली की जर्मन माणूस लवकर मंदावतो, भारतीय माणूस तितका मंदावत नाही, आणि त्याला स्वतःभोवती जागाही कमी लागते. म्हणजे ‘दुसऱ्यापासून लांब ठेवणारं बल’ हा निसर्गाचा स्थिरांक नाही. तो माणूस कुठे वाढला, रोज कुठल्या डब्यातून प्रवास करतो, यावर ठरतो. परदेशी पुस्तकातला आकडा घेऊन आपल्या स्टेशनचा जिना आखणं धोक्याचं आहे, आणि आपली माणसं दाटीला सरावलेली आहेत म्हणून जिना अरुंद ठेवणं त्याहून धोक्याचं. कारण चौरस मीटरमागे सहा-सात माणसांच्या पुढे सराव कामी येत नाही. तिथे माणूस स्वतःच्या पायांनी चालत नसतो. गर्दीतून लाटा जातात आणि माणसं उभ्या उभ्या गुदमरतात.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, आताच्या प्रभादेवीच्या, जिन्यावर २३ माणसं गेली. पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले, गाड्या येत राहिल्या, प्रत्येक गाडी आणखी माणसं ओतत राहिली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर लोकांच्या घबराटीला दोष दिला जातो. मला याचा संताप येतो. या विषयात भौतिकशास्त्राने काही दिलं असेल तर हे, की दोष माणसांच्या स्वभावातून काढून जिन्याच्या रुंदीत, येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रवाहांच्या फरकात शोधायला शिकवलं. रुंदी मोजता येते, बदलता येते. मागे उभ्या असलेल्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, हे कुणाच्याही स्वभावाने बदलणार नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्रातल्या शेकडो लोकांनी केरमॅक-मॅकेंड्रिक यांची समीकरणं बाहेर काढली आणि रोजच्या आकड्यांवर रेघा बसवल्या. साथ अमुक तारखेला संपेल असे अंदाज आले आणि गेले. त्याच वेळी मुंबईत वेगळं कामही चाललं होतं. मुंबईची टीआयएफआर आणि बंगळूरची आयआयएस्सी या विज्ञान-संस्थांमधल्या गटाने शहराचं असं मॉडेल बांधलं ज्यात घरं होती, कामाच्या जागा होत्या, लोकल होत्या, आणि वस्ती कुठली हेही होतं. त्या जुलैत दहिसर, चेंबूर आणि माटुंग्याच्या वॉर्डांत रक्ताचे नमुने तपासले गेले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडली, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. एकाच वॉर्डात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात, हे १९२७ च्या समीकरणातलं पहिलं वाक्य या दोन आकड्यांपुढे उभं राहू शकत नाही. सार्वजनिक शौचालय किती घरांमागे एक आहे, हा त्या शहरात साथीचा स्थिरांक होता. तो कुठल्याही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नाही. वस्तीतल्या बायकांना तो पाठ होता.

सध्या माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी डेंगीवर काम करते. आली तेव्हा तिचं समीकरण छान होतं: डास, माणसं, तापमान, पाऊस. मी तिला आधी मराठवाड्यातल्या एका शहरात आशाताईंबरोबर घरोघर फिरायला पाठवलं. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवायची, असा कोरडा दिवस पाळायला सांगितलं जातं. घासायचं अशासाठी की अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरड्यात महिनोन् महिने टिकतात, आणि पाणी चढलं की फुटतात.

पहिल्याच गल्लीत ताईंनी तिला सांगितलं, “मॅडम, इथं आठ दिवसांनी नळ येतो. भरलेला ड्रम ओतून द्या असं बायांना कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हणते फडकं बांधा, गप्पी मासे सोडा.” ती संध्याकाळी फोनवर खूप वेळ बोलली. तिच्या समीकरणात भांडी एका स्थिर दराने रिकामी होत होती. प्रत्यक्षात ती रिकामी होतच नव्हती. नळ आला की अर्ध्या ड्रमवर पाणी चढत होतं, कडेची अंडी सगळ्या गल्लीत एकाच दिवशी भिजत होती, आणि पुढच्या नळापर्यंतचे दिवस जवळपास तेवढेच होते जेवढे अळीचा डास व्हायला लागतात. दोन कालावधी इतके जवळ आले की एक लय दुसरीला बळ देते, हे भौतिकशास्त्रात शिकलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. तिने रात्रीच सगळं नव्याने मांडायला घेतलं.

आता तिच्या समीकरणात पाऊस मागे गेला आहे आणि एक नवं अक्षर पुढे आलं आहे: दोन नळांमधले दिवस. ते मोजायला ती मार्चमध्ये पुन्हा त्याच ताईंबरोबर जाणार आहे. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकातला आकडा घेऊ नका, गल्लीच्या टोकाच्या घरी जाऊन विचारा, तिथं नळ आणखी उशिरा येतो, असं ताईंनी तिला आधीच बजावून ठेवलं आहे.